अख्ख्या गोळ्या

प्रियदर्शनीचा राग घराला माहीत होता, आळीला माहीत होता, आणि माधवनगरच्या त्या औषधांच्या कारखान्यात वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होता. तिला स्वतःला मात्र तो राग कधी वाटलाच नाही. ती त्याला शिस्त म्हणायची. आता शिस्त म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, ती सांगलीहून गावाकडं निघाल्याचा फोन आला की औंधाजवळच्या त्या घरात तिची आई मुक्ताबाई आधी लोणच्याची बरणी पिठाच्या डब्यामागं सारायच्या आणि मग भाकरीला बसायच्या.

त्या रविवारीही तसंच झालं. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता, आबा दारात उन्हाला बसले होते. तिनं चहासुद्धा घेतला नाही. आल्या आल्या आबांच्या दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधला, बटण दाबलं, आणि आकडा बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय खाल्लंत?"

आबा म्हणजे राजाराम, तिचे वडील. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात इंजिनाखाली झोपून घालवलेला माणूस. मिरजेला आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांच्या पोटाला पिशवी लागली होती. पोटातलं सगळं त्या पिशवीत उतरायचं आणि ती दिवसातून चार वेळा रिकामी करावी लागायची. ब्लड प्रेशर त्याच्याही आधीपासूनचं. लेकीचा प्रश्न ऐकून त्यांनी यमाईच्या डोंगराकडं तोंड फिरवलं.

"काय न्हाई," ते म्हणाले.

"काय न्हाई म्हणजे? हवा खाऊन चढतंय व्हय बीपी? सुकट खाल्ली असणार, खर्डा खाल्ला असणार. आई, मीठ किती घालतेस गं ह्यांच्या कालवणात? मी तिकडं मरमर मरते, माझ्या नजरेखाली झालेली गोळी मी स्वतः आणून देते, गल्लीतल्या दुकानातली घेऊ नका म्हणून बजावते, आणि तुम्ही वरून खारट खाऊन तिची माती करता! लाज वाटते मला सांगायची, की औषधाच्या कारखान्यात क्वालिटीची हेड आहे आणि बापाचं बीपी उतरवता येत नाही."

आबांनी खाली मान घातली. ती बोलत राहिली, बोलता बोलता पट्टा सोडला, यंत्राची गुंडाळी केली, आणि आणखी काही तरी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मुक्ताबाई आतून आल्या. त्यांच्या हातात मिसरीची जुनी डबी होती. त्यांनी ती लेकीच्या पुढ्यात ठेवली आणि मागं सरून उभ्या राहिल्या.

डबीत गोळ्या होत्या. पांढऱ्या, बारक्या, मूठभर.

"ह्या कशाला काढून ठेवल्यास? देत नाहीस होय ह्यांना?"

"दिल्यात की," मुक्ताबाई म्हणाल्या. "देऊन पिशवीत निघाल्यात त्या. धुऊन ठेवल्या."

प्रियदर्शनीनं एक गोळी तळहातावर घेतली. मधोमध मोडायची रेघ होती तशी होती. एका अंगाला कारखान्याचं अक्षर होतं, तेही वाचता येत होतं. माणसाच्या तोंडातून गेलेली गोळी जशीच्या तशी पोटाच्या बाहेर आली होती. तिला प्रयोगशाळेत जायची गरजच नव्हती; गोळी करणाऱ्याला हे एका नजरेत कळतं. पण कळलं म्हणून ती गप्प बसली असती तर ती प्रियदर्शनी कसली.

"कधीपासून चाललंय हे?"

"पाऊस लागल्यापासनं."

"पाऊस लागल्यापासनं! आणि दिवाळी झाल्यावर डबी काढतेस? तोंडाला काय कुलूप घातलं होतंस?"

मुक्ताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू लय कामात असतीस," त्या म्हणाल्या. ते काही खरं उत्तर नव्हतं, पण उत्तराकडं बघायला प्रियदर्शनी होती कुठं? तिनं डबी पर्समध्ये कोंबली आणि जेवणही न करता ती सांगलीच्या एसटीत जाऊन बसली.

आता ह्या गोळीचं एक सांगायला हवं. गोळीत औषध असतं ते चिमूटभर. बाकी सगळा भरणा. पण त्या भरण्यात एक चीज अशी असते की तिच्याशिवाय गोळी म्हणजे नुसता खडा. आयन-एक्स्चेंज रेझिन तिचं नाव. बोअरचं जड पाणी हलकं करायच्या टाकीत जे पिवळसर बारीक मणी असतात ना, त्यांच्याच जातीतलं, पण मैद्यासारखं दळलेलं. त्याला पाणी लागलं की ते फुगतं. गोळी पोटात गेली की पाणी आत शिरतं, रेझिन फुगतं, गोळीला आतून रेटा देतं आणि तिचा भुगा करतं. भुगा झाला तर औषध अंगी लागणार. मात्र ही पावडर एकदा भिजली की तिचा निम्मा जोर तिथंच जातो. म्हणून औषध आणि भरणा आधी खळीत मळायचा, वाळवायचा, त्याचे दाणे पाडायचे, आणि अगदी शेवटी, गोळ्या पाडायच्या आधी, कोरड्यात कोरडं रेझिन मिसळायचं. तेही हवेतली ओल शोषणारं यंत्र चालू असलेल्या बंद खोलीत. हा नियम प्रियदर्शनीनंच भिंतीवर हातभर अक्षरांत लावून घेतला होता.

मग गोळी फुटली का नाही? एसटीत बसल्या बसल्या तिनं सगळ्यांना फासावर चढवलं. रेझिन विकणाऱ्यानं भेसळ केली. मालक लालासाहेबांनी हलका माल घेतला. मशिनवरच्या बाळासोनं झोपेत काम केलं. तासगाव येईपर्यंत तिनं मनातल्या मनात प्रत्येकाला इतकं फैलावर घेतलं होतं की शेजारची बाई तिच्याकडं बघून सीट बदलून बसली.

सोमवारी सकाळी ती थेट प्रयोगशाळेत शिरली. तिथं पल्लवी होती. कवलापूरची पोर, एम.एस्सी. होऊन वर्षभरापूर्वी लागलेली, हुशार पण हळू बोलणारी. प्रियदर्शनीनं कपाटातून त्याच लॉटच्या राखून ठेवलेल्या गोळ्या काढल्या आणि तिच्यापुढं आपटल्या.

"ह्या फोडून दाखव. आत्ता. माझ्यासमोर."

गोळी फुटते की नाही हे बघायचं यंत्र साधं असतं. जाळीचा तळ असलेल्या सहा काचेच्या नळ्या, त्या कोमट पाण्यात वरखाली होतात. पाणी माणसाच्या अंगाइतकं गरम ठेवायचं, सदतीस अंश, आणि पाव तासात सगळ्या गोळ्या फुटल्या पाहिजेत. पल्लवीनं नळ्यांत गोळ्या टाकल्या आणि सवयीनं तिचा हात पाण्याच्या बटणाकडं गेला. आकडा सदतीसला थांबला नाही. चाळीस झाला, पंचेचाळीस झाला.

"कुठं नेतेस पाणी?"

पल्लवीचा हात जागच्या जागी थिजला.

"खाली आण," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की जास्त वाईट असायचा. "सदतीसला आण आणि बघ."

दोघी बघत उभ्या राहिल्या. नळ्या वर जात होत्या, खाली येत होत्या. पाव तास झाला, अर्धा तास झाला. गोळ्या तशाच, थोड्या बुळबुळीत झालेल्या, पण अख्ख्या.

"आधी तीनदा केलं होतं मी मॅडम," पल्लवी रडत रडत म्हणाली. "फुटतच नव्हत्या. मग पाणी तापवलं. कढत पाण्यात खळ सुटते, मग फुटतात. औषध विरघळायची पुढची चाचणीपण तशीच केली."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही."

"मग? माणसाच्या पोटात काय चूल पेटलेली असते? अगं, शिकलीस कशाला तू? तुझ्या आईबापानं पोटाला चिमटा घेऊन तुला हेच शिकायला पाठवलं? माझा बाप ह्या गोळ्या खातो, कळतंय का तुला? माझा बाप!"

"फेल झालं म्हणून तुमच्याकडं यायचं होतं," पल्लवी म्हणाली. "आले होते दारापर्यंत. मग परत गेले."

प्रियदर्शनीनं तिला आणखी बरंच सुनावलं. ते इथं सांगण्यासारखं नाही. मग ती मशिनच्या खोलीकडं वळली.

बाळासो जतकडचा. त्याचे भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरतात. हा एकटा लहानपणीच मामाकडं सांगलीला आला आणि कारखान्यात लागला. मळायच्या मशिनवर त्याचा हात बसला होता. त्याच्याशी कुणी भांडलेलं कुणी बघितलं नव्हतं. ती आत आली तेव्हा तो मशिन धूत होता.

"रेझिन कधी घालतोस रे तू?"

त्यानं पाणी बंद केलं. "मळताना," तो म्हणाला.

"मळताना? ओल्यात? भिंतीवर काय लिहिलंय वाचता येत नाही?"

"येतंय की."

"मग?"

"त्या कोरड्या खोलीतलं ओल वढायचं मशिन पाऊस लागला तवाच बसलं. रेझिनचं डबडं उघडलं की वरनं दमट हवा. तुमचाच नियम हाय, खोलीत ओल असली तर डबडं उघडायचं न्हाई. मग कसं घालू कोरडं? म्हणून मळतानाच घातलं. आमच्यात बाया पिठात मीठ आदी घालत्यात, न्हाईतर मळताना पाण्यात कालवत्यात. भाकरीला मीठ लागतंयच. तसं वाटलं मला."

"इथं भाकऱ्या बडवतोय का आपण? मशिन बसलं तर मला सांगायला काय झालं होतं?"

बाळासोनं हातातला फडका टाकला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी चढला.

"सांगायला दोनदा आलतो. पयल्यांदा तुमी फोनवर कुणाला तरी सोलत व्हता, तवा मागं फिरलो. दुसऱ्यांदा दारात हुबा ऱ्हाऊन 'मॅडम, मशिन' एवढं म्हणलो. तुमी मान वर केली न्हाई. म्हणला, मला कारणं नकोत, माल पायजे. मग दिला माल. गेल्या साली अर्जुनानं सांगितलं व्हतं का न्हाई, की वजनकाटा चुकतोय? काटा चुकत व्हताच. पण तुमी त्यालाच गेटभाईर काढला, त्यानंच बिघडवला म्हणून. तवापासनं हितं कोण काय सांगतंय का तुमाला, आठवून बघा. मी मळलं, पल्लवीताईनं पास केलं, मला वाटलं चालतंय. तिला वाटलं असंल, मळलंय बरोबरच. एकमेकाला सांगायचं आन तुमच्यापसनं झाकायचं. आमाला काय हौस व्हय?"

"म्हणजे चूक तुमची आणि खापर माझ्या डोक्यावर?"

"तुमी इचारलं म्हणून बोललो," बाळासो म्हणाला आणि पुन्हा फडका उचलून मशिन पुसायला लागला.

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हो, अगदी तसंच वाटलं. ती तिथून निघाली ती मालकाच्या केबिनमध्ये, आणि लालासाहेबांना म्हणाली की पावसाळ्यातला सगळा माल दुकानांतून परत बोलवा, आजच. लालासाहेबांनी "जरा दमानं घेऊ" असं काहीतरी सुरू केलं, तिनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं, आणि त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरून "बघा बाई तुम्ही" म्हटलं. तो सगळा आठवडा फोन खणखणत राहिले. ओल ओढायचं यंत्र दुरुस्त झालं. नवा लॉट तिनं स्वतः मशिनपाशी उभं राहून करून घेतला. मळून झालं, वाळवण झालं, दाणे पडले, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत कोरडं रेझिन कोरड्यात मिसळलं गेलं.

त्या गोळ्या सदतीस अंशांच्या पाण्यात टाकल्या तेव्हा ती वाकून बघत होती. गोळी जरा फुगली, कडेनं चिरली, आणि बघता बघता तिचा चिखल होऊन जाळीतून खाली गेला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. प्रियदर्शनीनं पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. ती पल्लवीला "ठीक आहे" एवढंच म्हणाली, आणि तिच्या लेखी सगळं प्रकरण मिटलं.

नव्या गोळ्यांचं पाकीट तिनं औंधाच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिलं. वर्कशॉपच्या राजाराम आबांची लेक म्हटल्यावर कंडक्टर नाही म्हणणार नव्हताच. पाकीट पोचल्यावर तिनं आईला फोन केला.

"आल्या का गोळ्या? जुन्या सगळ्या फेकून दे. आत्ताच्या आत्ता. ह्या चालू कर, रोज, न चुकता. एक जरी चुकली तर मग बघ."

"अगं पण—" मुक्ताबाई म्हणाल्या.

"पण नाही नि बिण नाही. पाच महिने वाया घालवलेत तुम्ही. आता मी सांगते तेवढं करा," म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी ती प्रयोगशाळेत आली, तेव्हा पल्लवी नळ्या पुसत होती. पल्लवीनं तिच्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय?"

"काही नाही मॅडम."

"काही नाही म्हणू नकोस. बोल."

"तुमच्या वडिलांना गोळ्या किती चालू आहेत?"

"एक. सकाळी. का?"

"वाढवल्या नाहीत?" पल्लवी नळीकडं बघत म्हणाली. "म्हणजे... इतके महिने बीपी उतरतच नव्हतं, तर डॉक्टरांनी वाढवल्या असतील ना. आणि आता ही गोळी फुटते."

प्रियदर्शनीला कळलं, वाढवल्या असतील तर आता त्या सगळ्याच अंगी लागणार. तिनं आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिनं शेजारच्या शालूबाईंना लावला. त्यांनी उचलला.

"काकी, आबा कसे आहेत?"

शालूबाई म्हणाल्या, "बरं हायत की. निजल्यात. काय न्हाई झालं."

"ह्या वेळेला निजल्यात? आईला फोन द्या."

"ती हाय हितंच, जरा कामात हाय. काय न्हाई गं बाय, तू नगं काळजी करू."

"काकी, गोळी देऊ नका म्हणावं. डॉक्टरांना बोलवा!"

"व्हय व्हय," शालूबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

खरंच काही झालं नव्हतं, की तिला सांगत नव्हते? हे तिला कळायला मार्ग नव्हता. सख्ख्या शेजारणीच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, एवढंही तिला ठरवता येईना. ती कारखान्याच्या गाडीकडं धावली. ड्रायव्हर जेवायला गेला होता. बाळासोनं किल्ली आणली आणि काही न विचारता स्टेअरिंगवर बसला.

विट्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकीमागं एक, रस्ता सोडीनात. तिनं काच खाली केली आणि ट्रॅक्टरवाल्याला अशा शिव्या घातल्या की त्यानं वळून बघितलं आणि ट्रॅक्टर आणखीच हळू केला.

"शिव्यांनी ट्रॉली सरकत न्हाई, मॅडम," बाळासो म्हणाला. त्याचा आवाज साधा होता. "काच वर घ्या. मी काढतो गाडी."

तिनं काच वर घेतली. पुसेसावळीपर्यंत ती आईचा फोन लावत राहिली. कुणी उचलला नाही.

घरासमोर चपला दिसल्या, पण चार-पाचच. तिनं त्या मोजल्या नाहीत, तरी थोड्या आहेत हे तिला कळलं आणि तेवढ्यानं तिचे पाय घराकडं उचलले. आत आबा बाजेवर होते. पायांखाली घड्या घातलेली वाकळ, कपाळावर हळदीचा लेप, आणि भिंतीच्या खुंटीला सलाईनची बाटली. डोळे उघडे होते. तिला बघून ते हसल्यासारखं करायला लागले.

"तू कशाला आलीस एवढ्या लांब?" आबा म्हणाले. "उंबऱ्याला ठेच लागली नुसती."

"व्हय, ठेच लागली," मुक्ताबाई म्हणाल्या. "डॉक्टर बघून गेल्यात. संध्याकाळी परत येणार हायत."

सलाईन लावलेल्या माणसाला ठेच लागली म्हणून तिच्या तोंडावर सांगत होते! तिनं आबांचा दंड धरला, पट्टा बांधला. आकडा इतका खाली होता की तिनं पुन्हा एकदा बटण दाबलं. तोच आकडा आला.

"किती गोळ्या दिल्यास?"

"एकच," मुक्ताबाई म्हणाल्या.

खोटं. डोळ्यांत डोळे न घालता बोललेलं, ढळढळीत खोटं. आणि हे खोटं तसंच राहिलं असतं तर उद्या सकाळी ह्याच हातानं पुन्हा तेवढ्याच गोळ्या दिल्या गेल्या असत्या. तिच्या पोटातून तो ओळखीचा जाळ उठला, छातीपर्यंत आला, तिनं तोंड उघडलं. त्याबरोबर मुक्ताबाईंनी पदर सावरून मान खाली घातली, आबांनी डोळे मिटून घेतले, आणि दारात उभ्या शालूबाई एक पाऊल मागं सरल्या. तिघंही तयार होऊन बसली होती. तिनं अजून एक शब्दही काढला नव्हता.

प्रियदर्शनी बाजेशेजारी जमिनीवर बसली.

"आई," ती म्हणाली, "काल तू फोनवर 'अगं पण' म्हणालीस. पुढं काय म्हणणार होतीस?"

"काय न्हाई."

"सांग."

"तू वरडशील."

"वरडले तर उठून बाहेर जाईन मी. पण सांग."

मुक्ताबाईंनी आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली. मग त्या हळूहळू बोलायला लागल्या. डॉक्टरांनी भादव्यातच एकाच्या दोन केल्या होत्या. आणि तिसरी मुक्ताबाईंनी स्वतःच चालू केली होती, कुणाला न विचारता. "दोन तर तशाच भाईर पडत्यात, मग म्हणलं, तिनातली एखादी तरी अंगाला लागंल. हेच विचारणार व्हते काल, की नव्या बी तीनच द्यायच्या का. तू फोन ठेवलास. मग तीन दिल्या सकाळी. आंघोळीला उठलं आन उभ्याचं खालीच गेलं."

तीन. प्रियदर्शनीनं दातांवर दात घट्ट दाबून धरले. राग होताच, तो काही कुठं गेला नव्हता. पण आता तो फेकायचा कुणावर? आईला अक्षरओळख होती, पण औषधाचं काय कळणार तिला. तिनं विचारायलाच फोन उचलला होता.

"बरं," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण चढला नाही. "उद्यापासून डॉक्टर सांगतील तेवढीच. मी थांबते इथं. अजून काय सांगायचं राहिलंय?"

हे तिनं उगाच विचारलं, बोलायचं म्हणून. पण शालूबाई दारातून निघून गेल्या. मुक्ताबाई सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिल्या. शेवटी आबाच बोलले.

"पावसाळ्यात बुद्धविहारात वाचन चाललं व्हतं," ते म्हणाले. "मी वाचत व्हतो. मधीच तोंड वाकडं झालं माझं. शबूद फुटंना. दोन दिस तसाच व्हतो. मग बोलणं आलं माघारी. ह्यो न्हाई आला."

त्यांनी पांघरुणाखालून डावा हात बाहेर काढला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर आली आणि थांबली. प्रियदर्शनी त्या हाताकडं बघत राहिली. दर खेपेला आबा उजवा दंड पुढं करायचे, ती पट्टा बांधायची आणि आकडा बघायची.

"मला का नाही सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगणारच व्हतो. त्याच आठवड्यात, रविवारी तू आली व्हतीस," आबा म्हणाले. "पर माझ्या हातनं चहाचा कप पडला, आन तू कपावरनंच एवढी वरडलीस."

तिला तो कप आठवला. आईनं वाकून तुकडे गोळा केले होते. आबांनी हात उपरण्याखाली घेतला होता, आणि ती फरशीवरच्या डागाबद्दल बोलत होती.